वॉशिंग मशीन नेमकं कुठं अडलंय?

गेल्या मे महिन्यात आमचं टॉप लोड मशीन सकाळी साडेसातला कपडे पोटात घेऊन बसलं ते बसलंच. पाणी जेमतेम वीतभर चढलं आणि टूं-टूं करत सगळं थांबलं. बटण बंद करून परत लावलं, परत तेच. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, साडेचार हजार होतील." बोर्ड म्हणजे मशीनचा सगळा कारभार चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. संध्याकाळी कळवतो म्हटलं. दुपारी नळ बंद करून मशीनच्या मागचा पाइप सोडवला. पाणी मशीनमध्ये शिरतं त्या तोंडाशी नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. तिच्यावर टाकीतल्या गाळाचा हिरवट-तपकिरी थर बसला होता, बोटानं ओढला तर सायीसारखा निघून आला. जुन्या टूथब्रशनं जाळी घासली, पाइप लावला, नळ सोडला. मशीन चालू झालं. बोर्ड अजून तोच आहे.

तो माणूस फसवत होता असं मी म्हणणार नाही. मशीन ओरडतंय, पडद्यावर कसली तरी अक्षरं आलीत, घरातली माणसं भोवती उभी आहेत. अशा वेळी महागाचा भाग बदलून मोकळं होणं सोपं वाटतं. पण साडेचार हजार ही बऱ्याच घरांत महिन्याच्या किराण्याची रक्कम आहे. म्हणून हे यंत्र आतून कसं चालतं, ते घरात रोज कपडे लावणाऱ्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुळात एक गोष्ट समजली की निम्मं काम होतं. हे मशीन प्रत्येक टप्प्यावर थांबून खात्री करून घेतं. पाणी आलं का? पाणी गेलं का? झाकण लागलंय का? ड्रम तोल सांभाळून फिरतोय का? उत्तर मिळालं नाही तर ते पुढचं पाऊल टाकत नाही. आपण ज्याला "मशीन बिघडलं" म्हणतो ते बहुतेक वेळा या चारपैकी एका प्रश्नावर अडलेलं असतं. एलजीच्या मशीनवर आयई आलं तर पाणी येत नाही, ओई म्हणजे पाणी जात नाही, यूई म्हणजे तोल जातोय, डीई म्हणजे झाकण. सॅमसंगवर पाणी येण्याची तक्रार ४ई किंवा ४सी अशी दिसते, पाणी जाण्याची ५ई किंवा ५सी. तुमच्या मशीनची यादी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर सापडेल. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. पुस्तिका ऐन वेळी मिळत नाही.

आत काय काय आहे

झाकण उघडल्यावर दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. तो एका बंद प्लॅस्टिकच्या टबात बसवलेला असतो. पाणी साठतं ते या बाहेरच्या टबात, आणि भोकांतून ड्रममध्ये येतं. ड्रमच्या तळाला पाकळ्यांची चकती असते, तिला पल्सेटर म्हणतात. टब, ड्रम आणि मोटर हे सगळं बिऱ्हाड चार कोपऱ्यांतून चार सळ्यांवर टांगलेलं असतं, चार कड्यांच्या झोपाळ्यासारखं. बाहेरचा पत्रा ही नुसती चौकट.

मोटर एकच. धुताना ती फक्त पल्सेटर उलटसुलट फिरवते, ड्रम जागेवर धरून ठेवलेला असतो. पिळताना पल्सेटर आणि ड्रम एकत्र, एकाच दिशेला गरगरतात. हा बदल क्लच करतो. बऱ्याच मॉडेलांत क्लचची दांडी ओढायला खाली एक छोटी मोटर असते, आणि तीच मोटर त्याच ओढीत पाणी सोडायचा व्हॉल्व्हही उघडते. ही जोडी लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

पाणी येताना

पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह विजेवर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातला रबरी पडदा वीज स्वतः उचलत नाही. वीज फक्त पडद्याच्या मधलं बारीक भोक मोकळं करते. पडदा उचलतो तो नळाच्या पाण्याचा दाब. दाबच कमी असेल तर व्हॉल्व्ह नुसता गुणगुणतो आणि पाणी धारेऐवजी करंगळीएवढं येतं, किंवा येतच नाही.

हा दाब किमान ०.३ ते ०.५ बारच्या आसपास हवा असं पुस्तिकांत लिहिलेलं असतं. आपण टाकीच्या भाषेत बोलू. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या तोंडापेक्षा ३ मीटर, जवळजवळ दहा फूट, वर पाहिजे. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर डोळ्यांपुढं आणा. मशीनचं तोंड जमिनीपासून तीन फुटांवर, छत साडेनऊ फुटांवर, आणि टाकी थेट गच्चीवर टेकवलेली. छतापर्यंतच साडेसहा फूट झाले. सकाळी टाकी काठोकाठ असते तोवर निभावतं. दुपारी ती तळाला गेली की तेच मशीन तेवढ्याच कपड्यांना नकार देतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हा त्रास होत नाही, त्यामुळे दोष आपल्याच मशीनचा वाटतो. "सकाळी चालतं, दुपारी चालत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडी आलं असेल तर आधी टाकीकडे बघा. उपाय म्हणजे टाकीखाली चबुतरा, मशीनच्या लाइनवर छोटा बूस्टर पंप, नाहीतर कमी दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह.

आणि जाळी. टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायटीत, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याच्या दिवसांत, किंवा टाकी धुतल्यावर ती हमखास भरते. नळ बंद करायचा, पाइप फिरवून काढायचा, पकडीनं जाळी हलकेच ओढून घ्यायची, ब्रशनं धुवायची. पाइप परत लावताना आतली रबरी चकती जागेवर आहे ना ते बघा, तीच विसरली की रात्रभर ठिबकतं.

टॉप लोडची एक मोठी सोय मात्र लोक विसरतात. पाणी कुठून आलं हे हे मशीन विचारत नाही, पातळी किती झाली एवढंच बघतं. त्यामुळे दाब नसेल तर झाकण उघडून बादलीनं पाणी ओतता येतं. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या मराठवाड्यातल्या कित्येक घरांत मशीन असंच चालतं आणि छान चालतं. पुढचं खळबळण्याचं पाणीही मग आपल्याच हातात राहतं, ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरता येतं. पूर्ण भरलेलं टॉप लोड एका धुण्याला सहज शंभर लिटरच्या वर पाणी घेतं, हे पाहता ही काटकसर लहान नाही.

आता पातळी कळते कशी? रिकामा ग्लास पालथा घालून बादलीतल्या पाण्यात सरळ दाबून बघा. हाताला जाणवतं की आत अडकलेली हवा दाबली जातेय, जितकं खोल न्याल तितकी जास्त. मशीनमध्ये नेमकं हेच आहे. बाहेरच्या टबाच्या तळाशी एक लहानसा हवेचा कप्पा, त्याला जोडलेली पेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड नळी, आणि नळीच्या वरच्या टोकाला दाब मोजणारा सेन्सर. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि बोर्डाला कळतं, एवढं भरलं. ही नळी सुटली, चिरली किंवा तिच्या तोंडाशी साबणाचा चिकटा बसला की मशीनचा अंदाज चुकतो. मग कधी ते ओसंडेपर्यंत पाणी घेतं, तर कधी रिकामं असून भरलंय समजतं.

पाणी थांबतच नसेल तर पिन काढून टाका. वीज नसतानाही पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्हच्या पडद्यात खडा किंवा क्षार अडकलाय. व्हॉल्व्ह साफ करायचा नाहीतर बदलायचा, तो काही फार महाग भाग नाही. पाणी लगेच थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, दोष नळीत, सेन्सरमध्ये किंवा बोर्डात आहे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी मेकॅनिकला फोन करण्याआधीच करून ठेवा. तिसरी शक्यता म्हणजे पाणी एकीकडून येतंय आणि दुसरीकडून जातंय. धुणं चालू असताना मोरीत टाकलेल्या पाइपातून धार दिसली तर पाणी सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये केसाची पिन, शर्टाचं बटण, नाहीतर चुरगळलेली पावती अडकलेली असणार.

पाणी जाताना

"आमचं मशीन धुतं, पण पिळत नाही." ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकणारा मोटरवर संशय घेतो. खरं तर पिळायच्या आधी मशीन सेन्सरला विचारतं की पाणी गेलं का. पातळी शून्यावर आली नाही तर ते ड्रम फिरवतच नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे पिळण्याची तक्रार ही निम्म्याहून अधिक वेळा पाणी न जाण्याची तक्रार असते.

पाणी का जात नाही? आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकायला पंप नसतो. व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उतारानं, आपल्या वजनानं निघून जातं. आता मशीन ठेवलंय सुक्या बाल्कनीत आणि मोरी आहे आत, मध्ये चार-पाच इंचांचा उंबरा. पाइप त्या उंबऱ्यावरून उचलून पलीकडे टाकलेला. सुरुवातीला टबातली पातळी उंच असते म्हणून पाणी उंबरा ओलांडतं. शेवटचं पाणी मात्र टबाच्या तळाला राहून जातं, कारण पाइपाचा कुबडा टबाच्या तळापेक्षा वर आहे. मशीन वाट बघतं, बघतं, आणि थांबून ओरडायला लागतं. पाइप वाढवताना दोन-तीन मीटर जास्तीचा जोडला, त्याचं टोक न्हाणीघराच्या जाळीखाली साचलेल्या पाण्यात बुडालं, किंवा मशीन मागे सरकवताना पाइप चेपला, तरी हेच होतं. एकदा पाइप सोडवून सरळ जमिनीवर, मोकळ्या उतारावर सोडून बघा. मशीन सुरळीत पिळायला लागलं तर दोष जागेचा होता. उंबऱ्याला खालून भोक पाडून पाइप काढणं किंवा मशीन पक्क्या ओट्यावर चढवणं, दोन्हीला गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. ज्यांच्या मशीनला पंप असतो त्यांच्याकडे पाइप उंचावर अडकवलेला चालतो, उलट तो तसाच ठेवायचा असतो. आपलं कुठलं ते पुस्तिकेत बघा.

जागा ठीक असूनही पाणी जात नसेल तर क्लच आणि व्हॉल्व्ह ओढणारी ती छोटी मोटर आठवा. ती गेली की पाणीही जात नाही आणि पिळणंही होत नाही, दोन्ही एकदम बंद. अशा वेळी मेकॅनिकला "ड्रेन मोटर बघा" एवढं सांगता आलं तरी बोलणं बोर्डावरून हलतं.

फेस हे आणखी एक कारण. पावडर जास्त झाली की टबात फेसाचा डोंगर उरतो. पिळताना तो ड्रमभोवती गच्च बसतो, ड्रमला वेग घेता येत नाही आणि पाणीही नीट उतरत नाही. एक खळबळ जास्त द्या, सुटतं.

झाकणाचं थोडक्यात सांगतो. झाकणाखालचा स्विच किंवा चुंबक झाकण लागल्याचं सांगतो. काही जण तो कायमचा दाबून ठेवून उघड्या झाकणानं पिळतात. घरात लहान मूल असेल किंवा नसेल, हे करू नका. गरगरत्या ड्रममध्ये साडीचा पदर किंवा ओढणी गेली तर हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही.

मशीन नाचतं तेव्हा

ड्रम पिळताना मिनिटाला साधारण ७०० फेरे घेतो. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर धरून हिशेब केला तर भिंतीला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ १३० पट ओढ बसते. म्हणूनच कपडे एवढे कोरडे निघतात. पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. ड्रमच्या एका अंगाला फक्त १ किलो ओलं वजन जास्त झालं तर ते १३० किलोच्या जोरानं ड्रमला बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला बारा वेळा गोल फिरते. मशीन जागेवरून चालत सुटतं त्यात नवल नाही.

ड्रमच्या वरच्या काठाला जाड प्लॅस्टिकची कडी असते. ड्रम हातानं हलवला तर तिच्यात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. नवीन मशीन घेतलेले लोक यानं घाबरतात. ते मुद्दाम भरलेलं मिठाचं पाणी असतं. वेगानं फिरताना ते जड बाजूच्या समोर जमा होतं आणि तोल सावरतं. किरकोळ फरक ते निभावून नेतं, डबलबेडच्या चादरीचं गाठोडं नाही. मोठी चादर आपल्या पोटात पिलो कव्हर, मोजे, सगळं गुंडाळून घेते आणि एका बाजूला ढेकूळ होऊन बसते. उघडून, हातानं मोकळं करून, ड्रमभर पसरून लावलं की बहुतेक वेळा यूई जातं. एकटा टॉवेल टाकू नका, सोबतीला आणखी दोन द्या.

रेनकोट, छत्रीचं कापड, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र मशीनमध्ये पिळूच नका. पावसाळ्यात हा मोह होतो. अशा कापडात पाणी पिशवीसारखं साठून राहतं, भोकांतून निघत नाही, आणि ऐन वेगात ती पिशवी एकदम फुटते किंवा सरकते. २०१६ साली अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलावावी लागली होती. पिळताना ड्रमचा तोल जाऊन इतके हादरे बसायचे की वरचा भाग निखळून माणसांना इजा झाली होती. तिथल्या ग्राहकांना अंथरूण-पांघरूण, जाडजूड कपडे आणि वॉटरप्रूफ वस्तू कमी वेगाच्या प्रोग्रामवरच धुवा असं सांगण्यात आलं.

कपडे नीट पसरूनही मशीन आदळत असेल तर आधी पाय बघा. वरच्या सपाट जागेवर पाण्यानं अर्धं भरलेलं ताट ठेवा. पाणी एका काठाकडे झुकलं की उतार कळतो. समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीनं दाबा, डुगडुगलं नाही पाहिजे. पाय फिरवून उंची जुळवायची आणि वरचा नट घट्ट आवळायचा. चाकांच्या ट्रॉलीवर मशीन ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा ते पक्क्या जमिनीवर ठेवून बघा, किती शांत होतं ते.

त्यानंतर झोपाळ्याच्या सळ्या. रिकाम्या मशीनचा ड्रम दोन्ही हातांनी खाली दाबून सोडा. तो वर येऊन पटकन स्थिर झाला तर ठीक. बराच वेळ वरखाली डोलत राहिला, किंवा एका कोपऱ्यात कायमचा कललेला दिसला, तर सळ्यांमधली हेलकावे शोषून घ्यायची ताकद संपलीय. चारही एकदम बदलून घ्या, एकच नवी टाकली की तोल परत बिघडतो.

चकतीखालचा खजिना

खाली खडखड वाजत असेल किंवा पल्सेटर अडखळत असेल तर तो काढून बघण्यासारखा आहे. पिन काढा. मधलं झाकण असेल तर ते उचला, खाली एक स्क्रू असतो. तो सुटला तरी चकती सहज निघत नाही, कारण ती दात्यांवर घट्ट बसलेली असते आणि भोवती क्षार साचलेले असतात. पायजम्याची जुनी सुती नाडी घ्या, दोन तुकडे करा, चकतीच्या काठाखाली समोरासमोर सरकवा आणि दोन्ही सारख्या जोरानं सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, खालचा प्लॅस्टिक टब चिरेल. आमच्या मशीनमधून दोन रुपयांची तीन नाणी, एक सेफ्टी पिन, परकराच्या नाडीचं टोक आणि राखाडी लगद्याचा एक मोठा गोळा निघाला. त्या गोळ्याला येणारा वास म्हणजेच धुतलेल्या टॉवेलला येणारा वास होता.

वास आणि पांढरे-काळे कण

हा वास, आणि काळ्या कपड्यांवर येणारे पांढरे डाग, दोन्हींचं मूळ पाण्यात आहे. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो, साबणाचा फेस होऊ न देणारं. विहीर-बोअरच्या पाण्यात खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, या जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. मार्च-एप्रिलमध्ये सोसायटी बोअरवर जाते तेव्हा भांड्यांवर, नळांवर पांढरं पुटं चढतं, तेच ड्रमच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूवर चढत असतं.

खरा साबण अशा पाण्यात फाटतो आणि चिकट, पांढरट गाळ बनतो. कॉलर, बाह्या वडीनं घासून तसेच मशीनमध्ये टाकायची सवय असते. घासलेला साबण आधी मगभर पाण्यानं काढून टाका. या गाळावर न विरघळलेली पावडर, कंडिशनरचा मेणचट थर आणि कपड्यांचे तंतू बसतात, आणि बंद झाकणाखालच्या ओलाव्यात बुरशी धरते. एके दिवशी तिचे खवले सुटून कपड्यांना चिकटतात. मग आपल्याला वाटतं कपडे नीट धुतले जात नाहीत, आणि आपण पावडर वाढवतो. थर आणखी जाड होतो.

तुमच्या मशीनमध्ये किती साठलंय ते बघायचं असेल तर पावडर न घालता, धुतलेले दोन टॉवेल टाकून पाच मिनिटं मशीन चालवा. फेस आला तर तो आधीच्या धुण्यांचा उरलेला आहे.

साफसफाईसाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, साधारण १०० ग्रॅम पुरतं. मशीन रिकामं, पाण्याची पातळी सगळ्यात वरची, पाणी चांगलं कोमट पण उकळतं नाही; आतला टब प्लॅस्टिकचा आहे. लिंबूसत्व विरघळवून ओता, पाच-दहा मिनिटं फिरवा, मशीन थांबवून तासभर तसंच राहू द्या, मग पूर्ण धुणं आणि दोन खळबळी. पाण्यावर तरंगलेलं काळं-तपकिरी सगळं चहाच्या जुन्या गाळणीनं काढून घ्या, नाहीतर तेच पुढच्या कपड्यांना लागेल. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी हे पुरेसं आहे. लिंबूसत्व किंवा व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. बुरशीसाठी ब्लीच वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, मधे एक धुणं साध्या पाण्याचं करून.

ड्रममधली तंतू अडकवणारी कापडी जाळी दर धुण्यानंतर उलटी करून धुवा. ती फाटली असेल तर पन्नास-शंभर रुपयांत नवी मिळते आणि तिच्यावाचून मशीन चालवणं चुकीचं आहे. धुणं झाल्यावर झाकण तासभर तरी उघडं ठेवा, पावसाळ्यात तर रात्रभर.

वीज, उंदीर आणि हाताबाहेरची कामं

मशीनच्या पत्र्याला ओला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वापर त्याच क्षणी थांबवा. अर्थिंग नाही किंवा तुटलंय. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेच्या भोकात तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून आधी ते करून घ्या, मशीनचं नंतर बघू.

तळाशी पत्रा किंवा जाळी नसलेल्या मशीनमध्ये उंदीर खालून शिरतो, ऊबदार जागा बघून राहतो आणि वायरी कुरतडतो. वरच्या पॅनेलमध्ये पाली आणि झुरळं जातात. गावाकडचं किंवा तळमजल्यावरचं घर असेल तर खाली बसणारी जाळी लावून घ्याच, हा खर्च पहिल्याच वर्षी वसूल होतो.

धुताना मोटर नुसती हूं करते आणि फिरत नाही, पल्सेटर हातानं ढकलला की सुरू होतो, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, कमजोर झालाय. भाग स्वस्त आहे, पण पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते, म्हणून तो स्वतः हाताळू नका. रबर जळल्यासारखा वास आणि पिळताना कमी वेग म्हणजे पट्टा सैल पडलाय. ज्यांच्या मशीनमध्ये मोटर थेट ड्रमला जोडलेली असते त्यांना पट्टाच नसतो.

मशीन वॉरंटीत असेल तर पाइपाची जाळी आणि तंतूंची जाळी यापलीकडे काही उघडू नका. फोन लावताना नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या, इंटरनेटवर शोधून वर आलेल्या पहिल्या नंबरावर जाऊ नका. खोट्या सर्व्हिस सेंटरच्या नावानं पैसे उकळणारे बरेच आहेत. मेकॅनिकला "मशीन चालत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा ते कुठं थांबलं, कुठली अक्षरं आली, पिन काढल्यावर पाणी थांबलं का, पाइप मोकळा सोडल्यावर पाणी गेलं का, हे सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

आणि एक खूण अशी आहे की ती दिसल्यावर घरी काहीही करायला जाऊ नये. पिळताना विमान उठल्यासारखी घरघर, मशीनच्या बरोबर मध्याखाली पाण्याचं थारोळं, कपड्यांवर तेलकट तपकिरी डाग, यातलं काहीही दिसलं तर ड्रमच्या दांड्याचं सील गेलंय आणि दांडा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगपर्यंत पाणी पोचलंय. मशीन पूर्ण खोलावं लागतं. तोवर "एवढे कपडे काढून घेऊ" म्हणून चालवत राहू नका, कारण ते पाणी खाली मोटरवर ठिबकत असतं.